जिवाणूंची गणसंख्या
(सभासदांसाठी अभ्यासपाठ)



वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस दरवर्षी आपल्या घरी येते. विषयपत्रिकेच्या खाली एक टीप असते. गणसंख्या पुरी झाली नाही तर सभा तहकूब होईल, अर्ध्या तासाने त्याच जागी ती पुन्हा भरेल आणि मग गणसंख्येचे बंधन राहणार नाही, असा तिचा मतलब. ही टीप आपण इतक्यांदा पाहिली आहे की आता ती कोणी वाचतसुद्धा नाही.

या अंकात आम्ही अशा एका समाजाची माहिती देणार आहोत की, ज्याच्यात गणसंख्या भरल्याशिवाय एकही ठराव होत नाही आणि अर्ध्या तासाची सवलतही नाही. हा समाज आपल्या शेतात आहे, उसाच्या कांडीत आहे, दह्याच्या भांड्यात आहे आणि मालवणच्या समुद्रातही आहे. तो म्हणजे जिवाणूंचा समाज. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे एकपेशीय जीव एकमेकांशी रसायनांच्या भाषेत बोलतात, आपण किती जण जमलो याचा अंदाज घेतात आणि पुरेसे जमल्यावरच एकदम कामाला लागतात. ही गोष्ट समजून घेतली तर वांग्याची मर, जिवाणू खताचे पाकीट आणि शिळा ऊस या तिन्हींकडे बघण्याची आपली नजर बदलेल.

१) सुरुवात मासळीपासून

आपले घाटाखालचे जे सभासद सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहेत, त्यांना ही गोष्ट सांगायला नको. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे थंडीच्या दिवसांत मीठ न लावलेली, समुद्राच्या पाण्याने ओली राहिलेली मासळी रात्री अंधारात ठेवली, तर कधी कधी तिच्या अंगावर फिकट निळसर-हिरवा उजेड दिसतो. घरातली पोरे घाबरतात. म्हातारी माणसे म्हणतात, "ह्या माशाक उजेड इलो, आता ता खाव नको." भुताखेताचा तो प्रकार नव्हे. माशाच्या अंगावर वाढलेल्या प्रकाश देणाऱ्या जिवाणूंचा तो उजेड असतो. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६८ साली चमकणारे लाकूड व मासे हवा काढून घेतलेल्या भांड्यात ठेवले, तेव्हा उजेड मावळला आणि हवा आत सोडताच तो परत आला. म्हणजे या उजेडाला हवा लागते हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच कळले होते. तो कोण पाडतो, हे मात्र पुढे समजले.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. अलीकडे किनाऱ्यावर लाटा फुटताना निळ्या चमकतात आणि ते पाहायला माणसे गर्दी करतात. तो उजेड बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या वेगळ्या सूक्ष्म जीवाचा असतो, जिवाणूंचा नव्हे. पाणी हलले की तो क्षणभर चमकतो व विझतो. जिवाणूंचा उजेड पाणी न हलवताही सारखा तेवत राहतो. चमकणारा तो एक आणि तेवणारा तो दुसरा, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

२) शास्त्रज्ञांना पडलेले कोडे

१९७० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात केनेथ नीलसन, वुडलँड हेस्टिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रातला एक प्रकाश देणारा जिवाणू काचपात्रात वाढवला. या जिवाणूचे नाव व्हिब्रिओ फिशेरी. ताज्या खाद्यात थोडेसे जिवाणू सोडले की ते लगेच वाढू लागत. एकाचे दोन, दोनाचे चार. पण उजेड काही वाढत नसे. काही तास तसेच जात आणि मग जिवाणूंची गर्दी झाली की उजेड एकदम भराभर वाढे. जिवाणू तेच, खाद्य तेच, मग आधी अंधार का?

त्यांनी एक साधा उपाय केला. ज्या पाण्यात पूर्वी जिवाणूंची दाट वाढ झाली होती, त्यातले जिवाणू गाळून काढले आणि त्या उरलेल्या पाण्यात नवे थोडेसे जिवाणू सोडले. तर हे थोडके जिवाणूसुद्धा लवकर उजळले! याचा अर्थ, आधीच्या जिवाणूंनी पाण्यात काहीतरी सोडून ठेवले होते. त्यावरून नव्यांना वाटले की, आपण पुष्कळ आहोत. हजेरीपटावर सह्या आधीच्यांच्या आणि सभा भरली नव्यांची, असाच हा प्रकार.

ते "काहीतरी" काय होते, हे १९८१ साली उलगडले. ते एक लहानसे रसायन निघाले. त्या कुळातल्या रसायनांना शास्त्रज्ञ थोडक्यात 'एएचएल' म्हणतात. १९८३ साली उजेडाची जनुके वेगळी काढून दुसऱ्याच एका, प्रकाश न देणाऱ्या जिवाणूत घातली, तेव्हा तोही उजळला. पुढे १९९४ साली या सर्व प्रकाराला 'क्वोरम सेन्सिंग' असे नाव पडले. क्वोरम म्हणजे आपली गणसंख्या. आम्हांला तरी हे नाव वाचून समाधान वाटले. सभेच्या कामकाजातला शब्द शास्त्रात गेला!

३) हजेरी कशी मोजली जाते?

प्रत्येक जिवाणू स्वतःच्या शरीरात संदेशाचे रसायन थोडे थोडे बनवतो. ते पेशीतून बाहेर पाझरते, तसेच बाहेरून आतही येऊ शकते. समुद्रात एकटा-दुकटा जिवाणू असला तर त्याचा संदेश पाण्यात विरून जातो. पण बंद जागेत पुष्कळ जिवाणू एकत्र असले की बाहेर रसायन साचते आणि आतही वाढते. ते ठरावीक प्रमाणाच्या वर गेले की पेशीतल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते. हे प्रथिन म्हणजे जणू सभेचा सचिव. गणसंख्या पुरी झाली असे तो जाहीर करतो आणि उजेडाच्या जनुकांचे काम सुरू होते. शिवाय संदेश बनवण्याचे कामही त्याच वेळी जोराने चालू होते, त्यामुळे आळशी सभासदही जागे होतात. म्हणून उजेड हळूहळू न वाढता एकदम भडकतो.

एवढी खटपट कशासाठी? कारण उजेड पाडायला बराच प्राणवायू व शक्ती खर्च होते. एकट्या जिवाणूचा उजेड कोणाला दिसणार? तो खर्च वाया. कोटी कोटी मिळून पाडला तरच त्याचा उपयोग. एकट्याने ऊस गाळता येत नाही म्हणून तर आपण कारखाना काढला. तसेच हे.

भाषाही एक नाही. आपल्या जातीतल्यांशी बोलायला एक रसायन आणि परक्या जातीच्या जिवाणूंशी बोलायला दुसरे. प्रिन्स्टन विद्यापीठातील बॉनी बॅसलर यांनी व्हिब्रिओ हार्वेयी या समुद्रातल्या जिवाणूवर काम करून हे दाखवले. दुसऱ्या भाषेच्या रसायनाची रचना २००२ साली उलगडली, तेव्हा त्यात बोरॉन निघाला. तोच बोरॉन, जो आपण बोरॅक्सच्या रूपाने सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून पिकाला देतो.

४) म्हाकूल आणि दुधाचा समुद्र

जिवाणूंच्या या सभेचा फायदा दुसरे प्राणीही घेतात. हवाई बेटांजवळ एक लहान म्हाकूल सापडते. अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिच्या शरीरात एकही प्रकाशी जिवाणू नसतो. काही तासांतच ती समुद्राच्या पाण्यातून तो नेमका वेचून घेते आणि पोटाकडच्या एका पिशवीत पाळते. रात्री पिशवीत गर्दी होते आणि उजेड पडतो. चांदण्यात पोहताना खालून पाहणाऱ्या शत्रूला म्हाकलीची सावली दिसू नये म्हणून ती हा उजेड पोटाखाली सोडते. पहाटे ती ९० ते ९५ टक्के जिवाणू बाहेर टाकून देते. उरलेले दिवसभरात वाढतात आणि रात्री पुन्हा गणसंख्या भरते. रोजची सभा, रोजचे विसर्जन.

आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात येणाऱ्या नेहमीच्या म्हाकलीच्या शाईच्या पिशवीवरसुद्धा उजेडाचे दोन अवयव असतात. तेव्हा हवाई बेटे लांब आहेत असे समजायचे कारण नाही. मालवणात म्हाकूल साफ करणाऱ्या बाईच्या हाताखालून ही पिशवी रोज जाते.

दुसरा प्रकार अरबी समुद्रातला. रात्री सगळे पाणी क्षितिजापर्यंत दुधासारखे पांढरे उजळलेले दिसले, अशी हकीकत जुने खलाशी सांगत. पुष्कळांना ती थाप वाटे. १९८५ साली एका संशोधन जहाजाने अशा पाण्याचे नमुने घेतले, त्यात प्रकाश देणारा व्हिब्रिओ हार्वेयी जिवाणू सापडला. १९९५ च्या जानेवारीत 'लिमा' या जहाजाने सोमालियाच्या किनाऱ्याजवळ दुधाळ समुद्र पाहिल्याची नोंद केली. शास्त्रज्ञांनी उपग्रहाची त्या तारखांची जुनी चित्रे तपासली आणि २००५ साली जाहीर केले की, ३ रात्री तो उजेड अवकाशातूनही दिसला होता. त्याचा विस्तार सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे ५,२०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ तीन सिंधुदुर्गांएवढी ती सभा!

५) शत्रू : वांग्याची मर

आता किनारा सोडून शेतात येऊ. भातानंतर वांगी, मिरची, टोमॅटो करणाऱ्यांना मर रोग ठाऊक आहे. कालपर्यंत हिरवेगार असलेले झाड आज दुपारी मान टाकते. पाने पिवळीही पडत नाहीत. पाणी दिले तरी उठत नाही. हा रोग राल्स्टोनिया नावाच्या जमिनीतल्या जिवाणूमुळे होतो.

हा जिवाणू मुळाच्या जखमेतून आत शिरतो. खुरप्याची जखम असो वा सूत्रकृमीची. आत आल्यावर तो गप्प असतो. थोडे असताना हे जिवाणू नुसते पोहतात, पसरतात, वाढतात. तेही आपसांत संदेश सोडतात. त्यांचे रसायन वर सांगितलेल्या एएचएलपेक्षा निराळे, मेदाम्लापासून बनलेले असते. गणसंख्या भरली की एका सुरात चिकट बुळबुळीत पदार्थ तयार करतात आणि त्याने झाडाच्या पाण्याच्या नळ्या तुंबतात. आपल्याला झाड एका दिवसात मेल्यासारखे वाटते, पण आत सभेची तयारी कितीतरी दिवस चाललेली असते.

ओळखण्याची सोपी रीत : मरू लागलेल्या झाडाचे बुंध्याजवळचे खोड कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली तर रोग जिवाणूचा आहे. ती धार म्हणजे जमलेली गणसंख्याच.

रोग दिसल्यावर औषध मारून झाड वाचत नाही. म्हणून जिवाणूंची गर्दीच होऊ द्यायची नाही, हा मार्ग. रोगी झाड मुळासकट उपटून शेताबाहेर नष्ट करावे. त्या वाफ्यातले पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नये. पाण्याचा निचरा ठेवावा. अवजारे धुवावीत. त्याच जमिनीत वांगी-टोमॅटो-मिरची वर्षामागून वर्षे न घेता भात, नाचणी, मका अशा तृणवर्गीय पिकांची फेरपालट करावी.

६) बोलणे तोडणारे

जिवाणूंचा संदेशच बिघडवला तर? निसर्गाने हे आधीच केले आहे. बटाटा, गाजर, कोबी यांना मऊ सड आणणारा जिवाणू एएचएलची भाषा बोलतो. आधी तो दबा धरून बसतो आणि पुरेसे जमल्यावरच भाजी विरघळवणारी विकरे सोडतो. थोडक्यांनी आधीच हल्ला केला तर झाड सावध होईल, हे जणू त्याला कळते. २००० साली सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की, जमिनीतल्या बॅसिलस जातीच्या एका जिवाणूकडे हा संदेश तोडणारे विकर आहे. ते विकर सड आणणाऱ्या जिवाणूत घातले तर त्याची रोग करण्याची ताकद कमी होते. जिवाणू मेला नाही, पण मुका झाला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे एक लाल शेवाळही असाच संदेश बिघडवणारा पदार्थ सोडून आपल्या अंगावर जिवाणूंचा थर बसू देत नाही.

याची तयार बाटली बाजारातून आणून फवारा, असे आम्ही सांगत नाही. पण सेंद्रिय खत भरपूर असलेल्या जमिनीत नाना जातींचे जिवाणू असतात आणि एकाच शत्रूला मोकळे रान मिळत नाही, एवढे तरी यातून शिकावे.

७) मित्र : कांडीतला जिवाणू आणि दह्यातला

१९८८ साली ब्राझीलमध्ये उसाच्या आत राहणारा, हवेतला नत्र स्थिर करणारा एक जिवाणू शोधून काढला. आपण त्याला ॲसिटोबॅक्टर म्हणून ओळखतो. साखर भरपूर असलेल्या रसात तो सुखाने राहतो. हाही एएचएल कुळातली संदेश-रसायने बनवतो, असे आढळले आहे. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही जिवाणू खते शेतकऱ्यांना पुरवते.

बेण्याला लावण्याची शिफारस अशी : हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू खत १०० लिटर पाण्यात मिसळून त्यात टिपऱ्या ३० मिनिटे बुडवाव्यात. बुरशीनाशक-कीटकनाशकाची प्रक्रिया करायची असेल तर ती आधी करावी, टिपऱ्या सुकू द्याव्यात आणि जिवाणूंची प्रक्रिया शेवटी करावी. उलट केले तर पैसे देऊन आणलेले मित्र आपल्याच हाताने मेले.

येथे संख्येचा मुद्दा पुन्हा येतो. सरकारच्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या जिवाणू खतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात तापले, युरियाच्या पोत्यावर महिनाभर पडले किंवा मुदत संपली की वरचे छापील नाव तेच राहते, पण आतली सभा बरखास्त झालेली असते. मग "जिवाणू खताने काही होत नाही" म्हणून आपण बोटे मोडतो. पाकीट घेताना तारीख पाहा, सावलीत ठेवा, आणल्यावर लवकर वापरा.

हिरवळीच्या ताग-धैंच्याची गोष्टही अशीच. त्याची मुळे रसायन सोडतात, ते ओळखून रायझोबियम जिवाणू उलट रसायन सोडतो, मग मुळावरचा बारीक केस वाकतो आणि गाठ तयार होते. जमिनीखाली दोन्हीकडून निरोप गेल्याशिवाय एक गाठ बनत नाही.

आणि घरातले उदाहरण : विरजणातल्या जिवाणूंचे काही वाण नायसिन नावाचा पदार्थ सोडतात. तो इतर जंतूंना मारतो आणि त्याच वेळी आपल्या जातभाईंना "अजून बनवा" असा संदेशही देतो. एकच पदार्थ हत्यारही आणि निरोपही. अन्न टिकवण्यासाठी आज तो जगभर वापरतात.

८) आणि शिळा ऊस

शेवटी आपल्या पोटापाण्याचा मुद्दा. ऊस तुटला की कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू आत शिरतो. १८७८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ व्हान टिगेम यांनी त्याला हे नाव दिले. हा उसातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ बनवतो. बेडकाच्या अंड्यांच्या घोसासारखा तो दिसतो. डेक्स्ट्रानमुळे रस घट्ट होतो, गाळण मंदावते, पॅनमध्ये दाणा लांबट व निकृष्ट पडतो. शिवाय डेक्स्ट्रान असलेल्या रसाचे पोल-मापन खोटे जास्त येते. म्हणजे कागदावर साखर दिसते, पोत्यात येत नाही. तो तोटा अखेर आपल्या सर्वांच्या दरातून जातो.

येथेही संख्येचाच खेळ आहे. पहिल्या काही तासांत थोडे असतात, पण वाढ दुपटीने होते, म्हणून दुसऱ्या दिवसाचे नुकसान पहिल्या दिवसाच्या मानाने पुष्कळ मोठे. जळालेला ऊस तर आणखी लवकर बिघडतो. घाटाखालच्या उसाला घाट चढून यायचे असते. तेव्हा तोडणी आणि वाहन यांचा मेळ आधीच घालावा लागतो. टोळीच्या मुकादमाने गाडी नक्की झाल्याशिवाय फड तोडून ठेवू नये. चिटबॉयकडून तारीख पक्की करूनच कोयता लावावा. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे धोरण ठेवावे. वाढे व माती काढून ऊस स्वच्छ द्यावा.

कारखान्यातही रसाच्या पन्हळीत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. थराखालच्या जिवाणूंपर्यंत औषध पोहोचत नाही. म्हणून आधी घासणे, वाफ देणे आणि मग औषध, हा क्रम असतो.

लक्षात ठेवण्यासारखे

१. थोडे जिवाणू आणि पुष्कळ जिवाणू यांचे वागणे सारखे नसते.
२. रोगाचा बंदोबस्त गर्दी होण्याआधी करावा, नंतर नव्हे.
३. मित्रजिवाणू जिवंत आणि पुरेसे असले तरच उपयोगी.
४. तुटलेल्या उसाचा प्रत्येक तास मोजावा.

स्वतःला तपासा

१. लाटेचा चमकता उजेड व माशावरचा तेवता उजेड यांत फरक कोणता?
२. जुन्या पाण्यात नवे थोडे जिवाणू लवकर का उजळले?
३. वांग्याची जिवाणूजन्य मर ग्लासातल्या पाण्याने कशी ओळखाल?
४. बेणेप्रक्रियेत जिवाणू खत शेवटी का लावावे?

उत्तरे घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर बसून काढावीत. शंका असतील त्या गट ऑफिसमध्ये लेखी द्याव्यात, पुढील अंकात आम्ही त्यांची उत्तरे देऊ. आणि जाता जाता एक विनंती : डोळ्यांना न दिसणारे जीव जर हजेरी पुरी झाल्याशिवाय काम सुरू करत नाहीत, तर येत्या सर्वसाधारण सभेला आपणही वेळेवर यावे. अर्ध्या तासाची ती टीप एका वर्षी तरी वापरावी लागू नये.